मों पारी की फ्लोरा गॉर्जस गार्डेनिया? मदत हवी आहे

गोड, फळाफुलांचा वास असलेला एकच परफ्यूम घ्यायचा आहे आणि मी दोन नावांवर अडून बसले आहे. ईव्ह सां लोरांचा मों पारी (२०१६) आणि गुच्चीचा फ्लोरा गॉर्जस गार्डेनिया (२०२१). दोन्ही ओ द पार्फम, म्हणजे परफ्यूमचा जरा दाट प्रकार.

मों पारी फवारला की आधी स्ट्रॉबेरी-रासबेरीचा लाडिक मारा, मग पांढरी फुलं (त्यात धोतराही आहे म्हणे!) आणि शेवटी पचौली (मातकट वासाची एक वनस्पती). ही पचौली मला आवडते, कारण त्यामुळे वास निव्वळ गोळ्या-चॉकलेटसारखा राहत नाही. पण बंद खोलीत तासाभराने डोकं जड झालं. दोनच फवारे मारले होते, शपथ!

गार्डेनिया, म्हणजे आपला अनंत, त्यामानाने शहाणा. पेअरचा मोहर, लाल बेरी, मोगऱ्याच्या जातीचं काहीतरी आणि तळाशी ब्राऊन शुगर. सुरुवात फारच गोड वाटली, नंतर छान निवळला. माझ्या कोरड्या त्वचेवर मात्र दुपारपर्यंत जेमतेम टिकला. वास बघायच्या कागदी पट्टीवर दुसऱ्या दिवशीही वास येत होता, म्हणून पट्टीवर विसंबू नका.

रोज ऑफिसला लावायचाय, शेजारच्या टेबलावरच्यांना त्रास नको. ज्यांनी दोन्ही महिनाभर तरी वापरलेत त्यांनी सांगा: उकाड्यात मों पारी अंगावर येतो का? आणि आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावून गार्डेनिया खरंच जास्त टिकतो का? तिसरं नाव कृपया सुचवू नका, आधीच गोंधळ पुरेसा आहे.