मदत हवी आहे: कमी पैशांत चांगला सिगार

मंडळी, आधीच सांगतो, हे आरोग्याला वाईट आहे हे मला ठाऊक आहे. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड आणि घसा सुटत नाहीत, हेही ठाऊक आहे. म्हणून महिन्याला दोन, त्यावर नाही, असं ठरवलंय. पण ते दोन तरी धड असावेत की नाही?

मित्राने एकदा निकाराग्वाचा रोबस्टो (आखूड, जाडसर सिगार) दिला होता. तासभर पुरला. आधी मिरीसारखा तिखटपणा, मग कोको, मग जुन्या लाकडी पेटीचा वास. तेव्हापासून ती चव शोधतोय आणि दर वेळी पस्तावतोय. मशीनवर वळलेल्या छोट्या सिगारांची डबी आणली, तर ओला पुठ्ठा जाळल्यासारखं लागलं. मग पैसे साठवून चार भारी सिगार घेतले. पुरवून पुरवून ओढू म्हणून कपाटात ठेवले. दीड महिन्याने एक पेटवला, तर वरचं पान तडकून उलगडलं. उरलेले तीन वाचवायला डब्यात ओला स्पंज ठेवला आणि त्यांच्यावर हिरवी लव आली. हसून घ्या.

आता घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, ओलावा देणाऱ्या जेलची बाटली आणि एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला ओलावा मोजणारा काटा आहे. तो ६६ टक्क्यांवर असतो. आत हातांनी वळलेल्या, बिनपेटीच्या सिगारांचं बंडल आहे. तरी सिगार एका बाजूनेच जळतो, दोनदा विझतो आणि शेवटी कडू जहर होतो. बंडलच टाकाऊ आहे का? लाकडी ह्युमिडॉर (ओलावा राखणारी सिगारची पेटी) घ्यावा का? आणि पुढच्या वेळी पैसे वाया न घालवता काय घेऊ?

जुनं खोड:
ह्युमिडॉर अजिबात नको. स्वस्तातल्या लाकडी पेटीचं झाकण नीट बसत नाही. शिवाय नवं लाकूड आधी स्वतःच पाणी पितं, ते मुरवण्यात पंधरा दिवस जातात. तुमचा डबा उत्तम आहे. स्पॅनिश सीडरची एखादी पट्टी मिळाली तर टाका, नाहीतर राहू द्या. (नाव सीडर असलं तरी ते झाड देवदाराच्या नात्यातलं नाही, महोगनीच्या आहे.) जेल काढा आणि ६५ टक्क्यांची दुतर्फी पाकिटं आणा. ती ओलावा देतातही आणि जास्त झाला तर शोषूनही घेतात. जेलला देणं जमतं, घेणं तितकंसं जमत नाही.

मला संशय तुमच्या काट्याचाच आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि ओल्या वाळूइतपत भिजेल एवढंच पाणी घाला. ते आणि हायग्रोमीटर एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी बरोबर ७५ दिसायला हवं.

डबा थंड जागी ठेवा, १८ ते २१ अंश. २५ च्या वर गेलं की तंबाखूतल्या किड्याची अंडी फुटू शकतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. पण फ्रीज नको, तो सिगार सुकवतो.

हिशेबी:
आता खरेदीचं. ‘हातांनी वळलेला’ या शब्दांवर भाळू नका. वळणारा हात आतमध्ये कापलेले तुकडेही भरू शकतो. विचारायचं ते लाँग फिलर आहे का, म्हणजे आतली पानं डोक्यापासून बुडापर्यंत अखंड आहेत का. तुकड्यांचा सिगार लवकर आणि गरम जळतो आणि तोंडात कण येतात. तसेच तंबाखूच्या लगद्याचा कागद बाइंडर म्हणून, म्हणजे आतली पानं बांधून ठेवायला वापरलेला असेल, तर तो सिगार परत ठेवा.

‘सेकंड्स’ मिळाले तर मात्र नक्की पाहा. वरच्या पानाच्या रंगात फरक किंवा एखादा डाग, एवढ्यावरून बऱ्याचदा बाजूला काढलेला माल असतो. चव डोळ्यांनी घ्यायची नसते.

आणि आकार लहान करा. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात, एक रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग. रोबस्टो ५० चा, ‘पेटी कोरोना’ नावाचा बारीक आकार ४२ चा. लांबी जवळपास तेवढीच, तंबाखू मात्र पाऊणपट. बारीक सिगारमध्ये वरच्या पानाची चव उलट जास्त कळते, आणि महाग असतं ते तेच पान. ६० रिंगचे सोटे घेणाऱ्यांचा हिशेब मला कधी कळला नाही.

क्यूबाचाच सिगार हवा असा हट्ट असेल, तर तोही सोडा. १९६० च्या दशकात तिथले बरेच सिगारवाले होंडुरास, निकाराग्वा आणि डॉमिनिकन रिपब्लिकला गेले. त्यांचा माल कमी पैशांत मिळतो आणि नकली निघण्याची भीती कमी असते. काचेच्या झाकणाच्या पेटीतला स्वस्त कोहिबा (क्यूबाचा नामांकित ब्रँड) कोणी दाखवला, तर नमस्कार करून निघा.

धूम्रकेतू:
कडूपणाचं काय, ते राहिलंच की! भाऊ, घाई. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. आणि पैसे वसूल करायला बोटं भाजेपर्यंत ओढत असाल (मी ओढायचो), तर ते थांबवा. हाताला गरम लागलं की ठेवून द्या. विझवायला चिरडू नका, आपोआप विझतो.

मूळ प्रश्नकर्ता:
मिठाचा प्रयोग केला. सकाळी काटा ६७ वर! म्हणजे मी ६६ म्हणून खूश होतो तेव्हा आत ७४ होतं. बंडल बिचारं निर्दोष, मीच त्याला भिजवत होतो. जेल हाकललं, ६५ ची पाकिटं टाकली आणि तीन आठवडे हात लावला नाही.

काल त्याच बंडलमधला एक काढला. सरळ जळला, एकदाही विझला नाही. मिरी आली, कोको नाही आला. शेवटचा दीड इंच तसाच ठेवून उठलो, जिवावर आलं पण उठलो. हिशेबीभाऊ, आता पेटी कोरोना पाहतोय. गडद पानाचा म्हणजे जास्त कडक, असं दुकानदार म्हणाला. खरं का?

हिशेबी:
नाही. मादुरोचा, म्हणजे त्या गडद पानाचा, रंग मुख्यतः जास्त काळ आंबवल्याने येतो, आणि तो बऱ्याचदा गोडसरच लागतो. कडकपणा आतल्या पानांचा. तुमचा कोको तिथेच सापडेल असं वाटतं, एकच आणून बघा.