मोठी माय नेमकी किती वर्षं जगली? वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी मदत हवी

गिरणाथडी
गंधमुक्तीच्या (मृत्यूनंतरच्या विधीच्या) पत्रिकेत मोठ्या मायचं वय १०३ छापलं. आधारवर १ जानेवारी १९२७ आहे, मतदार यादीवरून तिसराच आकडा निघतो. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यामुळे दाखला नाही. माहेर शिरपूर तालुक्यात, सासर चोपडा तालुक्यात. तिचं आयुष्य, गाणी आणि हातचे पदार्थ अशी छोटी पुस्तिका करायची आहे. धाकटी बहीण आणि दोघी जावा हयात आहेत. सुरुवात कुठून करावी?

पांझराकाठ
आधारवरची १ जानेवारी सोडून द्या. नुसतं साल सांगितलं की तीच तारीख पडते. पेन्शनसाठी डॉक्टरने अंदाजाने लिहिलेलं वयही पुढच्या सगळ्या कागदांना चिकटतं, तेही धरू नका.

खरी जागा कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तेही माहेरच्या गावाचं, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. तुमच्या मायचं माहेर पश्चिम खानदेशात आणि सासर पूर्व खानदेशात, तेव्हा चोपड्याला अर्ज करून काही हाती लागणार नाही. नक्कल अर्जात एकच साल मागू नका, १९२० ते १९३० मागा. नोंद बहुधा मोडीत असते, वाचणारा आधी गाठून ठेवा. मुलीचं नाव बहुतेक वेळा नसतंच. बापाचं नाव, जात, ‘मुलगी’ आणि तारीख, एवढंच. एकाच बापाच्या चार मुली सापडल्या तर आपली कोणती, हे भावंडांच्या क्रमावरून ठरतं. लहानपणी गेलेली लेकरंही त्या क्रमात धरा, लोक चुकतात ते तिथेच.

नोंद नाहीच मिळाली तर धाकट्या बहिणीला साल विचारू नका. ‘गांधीबाबाले मारं तव्हय तुनी बहीण कोठे व्हती, माहेर का सासर? कडेवर कोन व्हतं?’ असं विचारा. खुणेला धरण्यासारख्या गोष्टी: फैजपूरची काँग्रेस, म्हणजे काँग्रेसचं अधिवेशन (डिसेंबर १९३६), नंदुरबारचा गोळीबार (९ सप्टेंबर १९४२), गांधीहत्या (३० जानेवारी १९४८), नवे पैसे (१ एप्रिल १९५७), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), बहात्तरचा दुष्काळ. मात्र ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं करा. फैजपूरचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यावरून वय काढाल तर फसाल. ‘नवा पैसा पहिल्यांदा कोणत्या दुकानात हातात आला’ याचं उत्तर मिळालं तर ती आठवण खरी. दोन खुणांमधून एकच साल निघालं पाहिजे.

सातपुडापायथा
थोरल्या मुलाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरवरूनही अंदाज निघतो, पण तिथे १ जून दिसली तर ती मास्तरने टाकलेली समजा. आणि पुस्तिकेत १०३ तसंच नेऊ नका. जे साल निघेल ते ‘जन्म सुमारे १९२६’ अशा पद्धतीने लिहा आणि कशावरून तेही एका ओळीत लिहा.

आखाजी
कागद थांबतील हो, गाणी आधी घ्या. दोघी जावांना एकत्र बसवा, एकीचं कडवं अडलं की दुसरी पुरं करते. ओव्या नुसत्या सांगायला लावू नका. जातं असेल तर मूठभर दाणे घालून फिरवायला द्या, हात फिरला की शब्द येतात. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) झोक्याची गाणी आणि कानबाईची (श्रावणातल्या देवीच्या सणाची) गाणी वेगवेगळ्या दिवशी घ्या, एका बैठकीला ४० मिनिटं पुष्कळ झाली. पंखा बंद करा, फोन घडी घातलेल्या गोधडीवर, तोंडापासून दोन वीत अंतरावर ठेवा. फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, नाहीतर आवाज दाबला जातो.

लिहिताना अहिराणीतल्या ‘डोया’चा ‘डोळा’ करू नका. ‘शे’चं ‘आहे’ केलं की एक अक्षर वाढतं आणि ओवी चालीत बसत नाही. शिरपूरकडची बहीण आणि चोपड्याकडच्या जावा यांच्या बोलीत फरक निघेल, तोही पुसू नका. कोणती ओळ कोणी सांगितली ते बाजूला लिहा.

खापर
पदार्थांत मांडे (खापरावर, म्हणजे पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या) असतील तर ‘अंदाजे’ लिहून मोकळं होऊ नका. मायचं मापटं घरात असेल तर त्यात गहू आणि डाळ वेगवेगळी भरून ग्रॅममध्ये तोला. पायलीचे ४ शेर, शेराची २ मापटी, मापट्याची २ चिपटी हा हिशोब पाठ असतो, पण माप गावोगाव बदलतं. जावांना करायला सांगा आणि तुम्ही बघून लिहा. गहू किती ओलवले, पीठ कोणत्या फडक्यातून चाळलं, कणकेला पाण्याचा हात लावत किती वेळ आपटलं, सगळं टिपा. कणकेला तार यायला हवी, कमी तिंबली तर हातावर ओढतानाच फाटते. पुरणात डाळीची एक गाठ राहिली तरी मांडा नेमका तिथेच फाटतो. खापर फार तापलं तर टाकताच करपतो, कमी तापलं तर वातड होतो. पाण्याचे थेंब कसे उडाले म्हणजे खापर तयार, हे जावांच्याच शब्दांत घ्या.

आणि पुस्तिकेला मधे पिना मारणार असाल तर पानं ४ च्या पटीत ठेवा. जुने फोटो काचेला चिकटले असतील तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा.