मदत हवी आहे: यूट्यूबवर पैसे घेऊन शेअर गाजवला, भरपाईसाठी दावा लावता येईल का?

पुणेकर_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या सासऱ्यांचा आहे. सिंहगड रस्त्याला राहतो, बाबा निवृत्त आहेत. ग्रॅच्युइटीतली बरीच रक्कम त्यांनी एका स्मॉलकॅप (बाजारमूल्य कमी असलेल्या) कंपनीत घातली. तळजाईला त्यांच्यासोबत फिरायला येणाऱ्या आणखी काही जणांनीही हाच शेअर घेतला आहे.

यूट्यूबवरच्या व्हिडिओत परदेशी ऑर्डर, नवा कारखाना, मोठा उद्योगसमूह हिस्सा घेणार, असं सगळं छातीठोकपणे सांगितलं होतं. एक्स्चेंजच्या साइटवर कंपनीच्या घोषणा मी तारखेनुसार तपासल्या. यातलं एक अक्षर तिथे नाही. भाव चढला त्याच तिमाहीत प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा, हिस्सा खाली आला आणि किरकोळ भागधारक कितीतरी पटींनी वाढले. मग लोअर सर्किट (एका दिवसात भाव जास्तीत जास्त घसरण्याची मर्यादा) रोज लागू लागलं. बाबा सकाळी सव्वानऊला विक्रीची ऑर्डर टाकायचे, समोर घेणारा कोणी नाही, साडेतीनला ऑर्डर आपोआप रद्द. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता खरा मुद्दा. भाव कोसळल्यावर व्हिडिओखालच्या वर्णनात ‘सशुल्क प्रसिद्धी’ अशी ओळ आली. खरेदीच्या वेळी बाबांनी त्याच वर्णनाचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला होता, त्यात ती ओळ नाही. म्हणजे पैसे घेतल्याचं आधी लपवलं, असं मला तरी स्पष्ट दिसतं.

अमेरिकेत 1933 च्या सिक्युरिटीज ॲक्टच्या कलम 17(ब) नुसार शेअरची भलामण करायला पैसे घेतले तर ते आणि किती घेतले, हे दोन्ही सांगावं लागतं. तिथल्या गॅलेना बायोफार्मा कंपनीचं प्रकरण वाचलं. टोपणनावांनी लिहिलेले स्तुतिलेख पैसे देऊन छापून आणल्याचं 2014 मध्ये उघड झालं, गुंतवणूकदार कोर्टात गेले आणि 2 कोटी डॉलरवर तडजोड झाली. आपल्याकडे असं काही करता येतं का? बाजार नियामक सेबीकडे तक्रार केली तर बाबांना पैसे मिळतात, की नुसता दंड होतो? कृपया ‘लोभ केला म्हणून बुडाले’ असं लिहू नका. ज्या माहितीवर त्यांनी निर्णय घेतला तीच विकत घेतलेली होती.

सीए_सदाशिव

ताई, तुमचा राग रास्त आहे. आपल्याकडे हे 2003 च्या सेबीच्या फसवणूकविरोधी नियमांत बसतं. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत सेबीने मार्च 2023 मध्ये दिलेला अंतरिम आदेश जरूर वाचा. यूट्यूबवरचे दिशाभूल करणारे व्हिडिओ, त्यांच्या प्रसारासाठी जाहिरातींवर केलेला खर्च आणि त्याच काळात झालेली विक्री, ही साखळी सेबीने त्यात जोडून दाखवली आहे. तुमची साखळीही तशीच मांडा.

दंड सरकारजमा होतो. बेकायदा नफा वसूल झाला तर तो गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो. त्यातून नुकसान झालेल्यांना परतफेड करण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी गुंतवणूकदार ओळखता यावे लागतात. म्हणून कॉन्ट्रॅक्ट नोटा (ब्रोकरने दिलेल्या व्यवहाराच्या पावत्या), डीमॅट स्टेटमेंट, तो स्क्रीनशॉट आणि ग्रुपवरचा मूळ मेसेज तारखेसकट जपा. फोन बदलू नका. गुगलच्या जाहिरात पारदर्शकता केंद्रात त्या चॅनेलच्या जाहिरातींसाठी पैसे भरणाऱ्याचं नाव मिळतं का तेही पाहा, जुन्या जाहिराती तिथून निघून जाण्याआधी.

वकील_कोथरूड

थोडी भर. सेबीच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही (सेबी कायदा, कलम 15 वाय आणि 20 ए), त्यामुळे शिवाजीनगर कोर्टात सरळ नुकसानभरपाईचा दावा टिकवणं कठीण. सामूहिक दाव्याची वाट कंपनी कायदा 2013 च्या कलम 245 मधून, एनसीएलटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) जाते. सूचिबद्ध कंपनीसाठी 100 भागधारक किंवा एकूण भागधारकांच्या 5 टक्के, यातली कमी संख्या लागते. नाहीतर 2 टक्के भागभांडवल. अर्ज भागधारकानेच करायचा असतो, म्हणून सगळे शेअर विकण्याआधी वकिलाशी बोला.

ही वाट अजून फारशी मळलेली नाही, हे आधीच सांगतो. सत्यम कंपनीच्या हिशेब घोटाळ्यात अमेरिकेत एडीआर (तिथल्या बाजारात त्या शेअरच्या बदल्यात विकली जाणारी प्रमाणपत्रं) घेतलेल्यांना कंपनीकडून 12.5 कोटी डॉलरची तडजोड मिळाली, आपल्या भागधारकांना तसं काही मिळालं नाही. कलम 245 त्यानंतर आलं, 2016 पासून लागू आहे.

सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर कंपनीविरुद्ध तक्रार वर्षभराच्या आत करा, आधी कंपनीला लेखी कळवून. चॅनेलवाला नोंदणीकृत नसेल तर बाजारातल्या गैरप्रकारांची माहिती म्हणून सेबीला वेगळं कळवा. सोबत पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज द्या. आणि ‘पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ असे फोन येतील, त्यांना एक रुपयाही देऊ नका.

पुणेकर_सून

दोघांचेही मनापासून आभार. वर्ष पूर्ण व्हायला अजून अवकाश आहे, त्यामुळे कंपनीला पत्र आजच लिहिते. तळजाईच्या मंडळींच्या कॉन्ट्रॅक्ट नोटाही गोळा करते. 100 भागधारकांमध्ये पती-पत्नीचं संयुक्त खातं एक धरतात की दोन?