मदत हवी आहे: सिंगल कॅम इंजिनावर ॲडजस्टेबल कॅम गिअर

माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकच्या १४९३ सीसी इंजिनाचे हेड फेसिंग (सिलिंडर हेडचा तळ घासून सपाट करणे) केल्यामुळे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट, पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या किंचित जवळ आला आणि व्हॉल्व्हचे टायमिंग (उघडण्या-मिटण्याची वेळ) मागे पडले; ते मूळ जागी आणण्यासाठी मी ॲडजस्टेबल कॅम गिअर (कॅमशाफ्टचा कोन थोडा पुढे-मागे करता येणारा गिअर) आणला आहे. एकच कॅम असल्याने इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे टायमिंग एकत्रच सरकणार, हे मला मान्य आहे. मात्र गिअरवरील खुणा कॅमच्या अंशांच्या आहेत की क्रँकच्या (कॅमचा १ अंश म्हणजे क्रँकचे २), हे डिग्री व्हील (क्रँकचा कोन दाखवणारी चकती) व डायल गेज (व्हॉल्व्हची हालचाल मोजणारे मापक) लावून कसे पडताळावे? डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना ठिणगीचा करंट वाटणारा भाग) कॅमवरच फिरतो, तेव्हा प्रत्येक बदलानंतर टायमिंग लाइटने (ठिणगीची वेळ तपासण्याच्या दिव्याने) इग्निशनही पुन्हा जुळवावे लागेल ना? हे इंजिन मला जपायचे आहे, म्हणून पिस्टन आणि व्हॉल्व्हमधील अंतर मोजण्याची खात्रीची पद्धतही जाणकारांनी कृपया सांगावी.