कोलंबो: ६९ भागांतले नेमके कोणते बघायचे?

घडीचा_डाव

'कोलंबो' ही त्याच नावाच्या पोलीस तपासनिसाची जुनी अमेरिकी टीव्ही मालिका बघायला घ्यायची आहे. सुरुवातीचे दोन पायलट (चाचणीचे भाग) धरून ६९ भाग, प्रत्येक सव्वा ते दीड तासाचा. सगळे बघणं होणार नाही, दहा-बारा निवडून हवेत.

माझ्या अटी: खुनी ज्यात अडकतो तो पुरावा पक्का हवा. नुसत्या गप्पांनी हैराण होऊन कबुली देणारे खुनी नकोत. आणि तो पुरावा आपल्यालाही आधी दिसून गेलेला हवा, शेवटच्या मिनिटाला हवेतून काढलेला नको. भागांची नावं लिहा, क्रमांक नको, कारण सीझनचे आकडे दोन ठिकाणी दोन दिसतात.

खून कोणी केला ते सुरुवातीलाच दाखवतात हे ठाऊक आहे. शेवट फोडलात तरी हरकत नाही, फक्त आधी इशारा द्या.

दुर्बीण

आकड्यांचं आधी. १९६८ आणि १९७१ चे दोन पायलट, मग एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर १९७१ ते ७८ मध्ये ४३ भाग, आणि एबीसी या दुसऱ्या वाहिनीवर १९८९ ते २००३ मध्ये २४. काही ठिकाणी पायलट पहिल्या सीझनमध्ये घुसवलेत, तर एबीसीच्या भागांची वाटणी जो तो आपापल्या मनाने करतो. त्यामुळे नाव आणि साल टाकूनच शोधा. तुमच्या अटींचं जवळपास सगळं सत्तरच्या दशकातच सापडेल.

या मालिकेत 'कोणी केलं' हा प्रश्नच नाही, 'कुठे चुकला' हा आहे. माझ्या मते सर्वोत्तम भाग ते, ज्यात खुन्याला त्याचं स्वतःचं कसबच नडतं. फोटोग्राफर फोटोग्राफीच्या ज्ञानामुळे सापडतो, दारूचा दर्दी जिभेमुळे, पोलीस अधिकारी हाताशी असलेल्या फायलींमुळे. हा निकष लावला की यादी आपोआप आखडते.

इथून पुढे शेवट फोडले आहेत.

'निगेटिव्ह रिअॅक्शन' (१९७४). डिक व्हॅन डाइक हा नट यात फोटोग्राफर आहे. बायकोचं अपहरण झाल्याचा बनाव रचतो, तिला खुर्चीला बांधून फोटो काढतो, मग मारतो. फोटोत मागे घड्याळ आहे, त्यात दोन वाजलेत, आणि दोनला हा भलतीकडे होता. कोलंबो तो फोटो उलटा छापून मोठा करतो. आरशात दोनचे दहा दिसतात, आणि दहाला याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मूळ प्रत आपल्या हातून अॅसिडात पडून गेली, असं कोलंबो ओशाळून सांगतो. फोटोग्राफर चिडतो, निगेटिव्ह कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला असेलच म्हणतो, आणि फळीवर मांडलेल्या ढीगभर कॅमेऱ्यांतून नेमका तो कॅमेरा उचलतो. जो त्याने कधी पाहिलेलाच नसायला हवा! कोलंबो हजर असलेल्या पोलिसांना एकेकाला विचारतो: आता यांनी काय केलं ते तुम्ही पाहिलंत? कबुलीची गरजच उरत नाही.

'सूटेबल फॉर फ्रेमिंग' (१९७१). रॉस मार्टिन चित्रांचा समीक्षक. मामाला मारतो आणि मृत्यूची वेळ पुढे ढकलण्यासाठी प्रेतावर विजेचं ब्लँकेट घालून ते गरम ठेवतो. देगा या फ्रेंच चित्रकाराची चोरलेली दोन चित्रं मामीच्या घरात लपवून तिला गोवतो. शेवटी चित्रं सापडतात आणि त्यांवर ठसे निघतात ते कोलंबोचे. कारण मधे एकदा चित्रं या समीक्षकाच्या बॅगेत असताना कोलंबोने 'बघू, बघू' करत आत हात घातला होता. तो प्रसंग आपल्याला दाखवलेला आहे, पण तेव्हा नुसता आगाऊपणा वाटतो. समीक्षक ओरडतो की ठसे आत्ताच पाडलेत. कोलंबो खिशातून हात बाहेर काढतो, दोन्ही हातांत मोजे. पुढे एक शब्द नाही, तिथेच भाग संपतो. एवढा कोरडा, चोख शेवट या मालिकेत दुसरा नाही.

'अ फ्रेंड इन डीड' (१९७४). इथे खुनी कोलंबोचाच वरिष्ठ. शेजाऱ्याने बायकोला मारलं ते हा परिसरातल्या घरफोड्याच्या नावावर खपवतो. मग स्वतःच्या बायकोला टबात बुडवून पोहण्याच्या तलावात टाकतो आणि शेजाऱ्याकडून परतफेड वसूल करतो. फुप्फुसांत साबणाचं पाणी निघतं, तिथून घसरण सुरू होते. घरफोड्याच्या फायलीत कोलंबो एक पत्ता घालून ठेवतो. साहेब रुबाबात तिथे झडती घेतात आणि आपणच पेरलेले दागिने 'सापडवतात'. ते घर कोलंबोने स्वतःच्या नावावर भाड्याने घेतलेलं असतं. हा पत्ता फक्त त्या फायलीत होता, आणि फाइल साहेबांनी बघितली होती.

थोडक्यात आणखी. 'एट्यूड इन ब्लॅक' (१९७२): खुन्याच्या कोटावरचं फूल, टीव्हीवरच्या कार्यक्रमात नाही आणि नंतर आहे. 'नाउ यू सी हिम' (१९७६): विजेच्या टाइपरायटरची कार्बन फिल्मची रिबन एकदाच वापरली जाते, तिच्यावर प्रत्येक अक्षर क्रमाने उमटून राहतं. खुनी पत्र घेऊन जातो, रिबन विसरतो. कापडी रिबन असती तर एकावर एक अक्षरं बसून काहीच वाचता आलं नसतं. 'ट्राय अँड कॅच मी' (१९७७): हवाबंद तिजोरीखोलीत कोंडलेला माणूस हस्तलिखिताच्या पहिल्या पानावरचे शब्द जळक्या काडीने खोडून नेमकं वाक्य उरवतो. जळक्या काड्या आधी दिसतात, कागद मागाहून.

उलटतपासणी

दुर्बीण यांची यादी चांगली, पण 'पक्का पुरावा' ही अट कडक लावली तर निम्मे भाग गळतील, हे प्रश्नकर्त्याने समजून घ्यावं.

'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' (१९७३) चंच घ्या, दारूचा दर्दी म्हटलात तो. डोनाल्ड प्लेझन्स सावत्र भावाला तळघरात कोंडतो, वातानुकूलन बंद करतो आणि न्यूयॉर्कला निघून जातो. त्या दिवसांत लॉस एंजेलिसमध्ये पारा १०० अंश फॅरेनहाइटच्या वर जातो. तळघर तापतं, आतली सगळी दुर्मीळ वाइन नासते. कोलंबो तिथलीच एक बाटली पळवून हॉटेलात त्यालाच पाजतो, आणि 'ही दारू उष्णतेने मेली आहे' हे निदान खुनीच संतापून करतो. अप्रतिम प्रसंग. पण सिद्ध काय झालं? तळघर तापलं, एवढंच. यंत्र बंद पडलं होतं, असं कोणताही वकील म्हणेल. शिवाय बाटली चोरून आणलेली. हा भाग टिकतो तो माणसांमुळे: खोटी साक्ष देऊन त्याला वाचवणारी सेक्रेटरी बदल्यात लग्न मागते, आणि गड्याला तुरुंग बरा वाटतो. बघाच, पण पुराव्यासाठी नाही.

'मर्डर बाय द बुक' (१९७१) चंही तेच. दिग्दर्शन तरुण स्टीव्हन स्पीलबर्गचं, पटकथा स्टीव्हन बॉचकोची. टाइपरायटरच्या खटखटीवर उघडणारी सुरुवात आणि कॅमेऱ्याची ठेवण आजही जुनी वाटत नाही. शेवटचा पुरावा मात्र एक जुनं टिपण: खुनाची ही युक्ती खुन्याने सहलेखकाला पूर्वी सांगितली होती आणि त्याने ती लिहून ठेवली होती. कोर्टात हसतील. जॅक कॅसिडीचा खुनी गर्विष्ठ आहे म्हणून हार मानतो, बाकी काही नाही.

'डबल एक्स्पोजर' (१९७३) मध्ये चित्रफितीत क्षणभराची चित्रं घुसवून माणसाला तहान लावतात, आणि कोलंबो तोच प्रयोग खुन्यावर उलटवतो. अशा लपवलेल्या चित्रांनी माणूस हुकमी उठून चालायला लागत नाही. ते सोडलं तर बंदुकीची नळी बदलून गोळीचा माग चुकवण्याची युक्ती आणि ती लपवण्याची जागा मस्त.

माझ्या मते कोर्टात उभे राहतील असे: 'निगेटिव्ह रिअॅक्शन', 'अ फ्रेंड इन डीड', 'सूटेबल फॉर फ्रेमिंग' आणि 'अ स्टिच इन क्राइम' (१९७३). शेवटच्यात लेनर्ड निमॉय सर्जन आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेत कायमच्या टाक्याऐवजी विरघळणारा धागा वापरतो. काही दिवसांत धागा विरणार, झडप सुटणार, आणि मृत्यू नैसर्गिक दिसणार. पुरावा म्हणजे तो धागाच, आणि तो विरायच्या आत बाहेर काढायला हवा, त्यामुळे घड्याळाची टिकटिक खरी आहे. धागा शेवटी सापडतो तो खुद्द कोलंबोच्या खिशात. एरवी मऊ बोलणारा कोलंबो या भागात खरोखर संतापतो.

कोपऱ्यातली_खुर्ची

दोघांनी 'बाय डॉन्स अर्ली लाइट' (१९७४) विसरावा याचं आश्चर्य वाटलं. पॅट्रिक मॅकगूहन सैनिकी शाळेचा प्रमुख, समारंभातल्या तोफेत बोळा कोंबून अपघात घडवतो. मुलांनी चोरून आंबवायला ठेवलेला सफरचंदाच्या रसाचा बुधला खिडकीबाहेर टांगलेला त्याला दिसतो, आणि शिस्तीचा भोक्ता असल्यामुळे त्याची चौकशी लावल्याशिवाय त्याला राहवत नाही. बुधला दिसतो तो पहाटेच्या मोजक्या मिनिटांत, तोफेजवळ उभं राहिलं तरच. बस्स. खुन्याचा गुणच त्याचा घात करतो, म्हणजे दुर्बीण यांच्याच निकषात चपखल. मॅकगूहनला यासाठी एमी हे अमेरिकी टीव्हीचं पारितोषिक मिळालं.

'स्वान साँग' (१९७४) सुद्धा घ्या. जॉनी कॅश गायक, थर्मासमधल्या कॉफीत गुंगीचं औषध घालून विमान पाडतो आणि स्वतः पॅराशूटने उतरतो. पॅराशूट डोंगरात लपवलंय, ते शोधायला माणसं आणणार अशी हूल कोलंबो उठवतो, आणि हा स्वतःच ते आणायला जातो. सापळा साधा आहे, पण खुन्याला हलायला भाग पाडणारे सापळेच या मालिकेत सगळ्यात भक्कम ठरतात. मुद्देमालासकट पकडलेल्या माणसाला वकील तरी काय वाचवणार?

टाळायचे: 'लास्ट सल्यूट टु द कमोडोर' (१९७६), जिथे खुनी लपवून ठेवायचा प्रयोग केला आणि मालिकेचा कणाच गेला. 'डॅगर ऑफ द माइंड' (१९७२), लंडनची सहल. 'नो टाइम टु डाय' (१९९२) मध्ये तर खूनच नाही, दुसऱ्याच्या कादंबरीत कोलंबोला बसवलाय.

घडीचा_डाव

भरपूर झालं, आभार. दोन शंका. एबीसीच्या २४ भागांतलं काही घ्यावं का? आणि ७५ मिनिटांचे व ९५ मिनिटांचे असे दोन प्रकार दिसतात, यातले कापलेले कोणते?

दुर्बीण

कापलेले नाहीत. एनबीसीवर जाहिरातींसह दीड तासाची किंवा दोन तासांची जागा असे, जाहिराती वगळून ७३-७६ किंवा ९५-९८ मिनिटं उरत. लांब भागांत भरताड येते, आणि ती ओळखता येते: कोलंबो गॅरेजमध्ये, कोलंबो श्वानशाळेत, कोलंबो एखाद्या कारकुनाशी हुज्जत घालताना. पण घाईघाईने पुढे ढकलू नका. 'निगेटिव्ह रिअॅक्शन' मध्ये ड्रायव्हिंग परीक्षकाबरोबरचा प्रसंग लांबवलेला आहे, तरी भागातला सगळ्यात मजेचा तोच आहे.

खरं लक्ष सुरुवातीच्या १५-२० मिनिटांत द्यायचं, जिथे कोलंबो नसतोच. खुनी काय स्पर्श करतो, काय पुसतो, कोणती वस्तू जागची हलवतो, दिवा चालू ठेवतो की बंद. पुढचा प्रत्येक धागा तिथे पेरलेला असतो. सबटायटल चालू ठेवा, कोलंबो झालेला पीटर फॉक तोंडातल्या तोंडात बोलतो आणि महत्त्वाचा प्रश्न मुद्दाम दारातून परतताना टाकतो.

आणि न दिसणाऱ्या गोष्टीचाही हिशेब ठेवा. 'द मोस्ट क्रूशल गेम' (१९७२) मध्ये फोनच्या रेकॉर्डिंगवर मागे घड्याळाचे ठोके पडायला हवे होते, ते पडत नाहीत. एवढ्यावर भाग उभा आहे. आवाज बारीक ठेवून बघितलात तर निसटेल.

उलटतपासणी

एबीसीमधले दोन पुरेत. 'कोलंबो गोज टु कॉलेज' (१९९०): दोन विद्यार्थी कोलंबोच्याच व्याख्यानाला बसून गाडीत लावलेल्या बंदुकीने, दूरनियंत्रणाने प्राध्यापकाला मारतात. शेवटचा सापळा 'अ फ्रेंड इन डीड' चाच, फक्त घराच्या जागी गाडी, त्यामुळे दोन्ही लागोपाठ बघू नका.

दुसरा 'अजेंडा फॉर मर्डर' (१९९०), पुन्हा मॅकगूहन, पुन्हा एमी. इथे चीजमधला दातांचा ठसा च्युइंगमशी जुळवतात. तेव्हा ही पद्धत कोर्टात चालायची. २०१६ साली अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने दातांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याला शास्त्रीय आधार नसल्याचं नोंदवलं, तेव्हा आज हा खटला उभा राहणं कठीण.

कोपऱ्यातली_खुर्ची

क्रमही सांगतो, कारण त्याने फरक पडतो. 'सूटेबल फॉर फ्रेमिंग', मग 'अ स्टिच इन क्राइम', 'एनी ओल्ड पोर्ट', 'स्वान साँग', 'अ फ्रेंड इन डीड', 'निगेटिव्ह रिअॅक्शन', 'बाय डॉन्स अर्ली लाइट', 'नाउ यू सी हिम', 'ट्राय अँड कॅच मी'. सगळे सालवार आहेत. 'मर्डर बाय द बुक' हवा तेव्हा मधे घाला. १९६८ चा पायलट शेवटी ठेवा: त्यात कोलंबोचे केस नीट विंचरलेले आहेत, तो बराच धारदार बोलतो, आणि आधी बघितलात तर माणूसच वेगळा वाटेल.