उन्हाळ्यात एचपी५ धुवायला काय घ्यावं: डी-७६ की रॉडिनल?

करडा_पट्टा
घरी ३५ मिमीचा एचपी५ प्लस (इल्फर्डची ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म) धुवायला, म्हणजे डेव्हलप करायला, घेणाऱ्या प्रत्येकाला सर्रास रॉडिनल हे घट्ट द्रावणाचं डेव्हलपर सुचवलं जातं. का, तर बाटली वर्षानुवर्षं टिकते. टिकते हे खरंच, पण ४०० च्या फिल्मशी त्याचं जमत नाही. डी-७६ या पावडरच्या डेव्हलपरमध्ये लिटरमागे १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं, ते चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळवतं. रॉडिनल पातळ केल्यावर सल्फाइट नावापुरतं उरतं. ग्रेन (फोटोतले कण) टोकदार दिसतो, वर सावल्यांतला तपशीलही जातो. डी-७६ १+१ (एक भाग स्टॉक, म्हणजे पावडरचं तयार द्रावण, आणि एक भाग पाणी) घ्या, २०° ला ११ मिनिटं. पहिली ३० सेकंद सतत हलवा, पुढे दर मिनिटाला टाकी चारदा उलटी करा.

घट्ट_झाकण
साफ असहमत. डी-७६ चा स्टॉक भरलेल्या बाटलीत सहा महिने टिकतो, अर्धी रिकामी झाली की दोनच. हे कोडॅकचेच आकडे. महिन्याला एक रोल धुणाऱ्याचा निम्मा लिटर मोरीत जाणार. शिवाय पावडर ५०-५५° च्या पाण्यात विरघळवा, मग थंड होईपर्यंत थांबा. रॉडिनल १० मिली, पाणी ५०० मिली, झालं. वेळ तीच ११ मिनिटं. सावल्या जातात? लाइट मीटर २५० आयएसओवर ठेवा, फिल्मला जास्त उजेड मिळेल.

करडा_पट्टा
मग ४०० ची फिल्म घेतलीच कशाला? आणि स्टॉक अर्ध्या बाटलीत ठेवायला कोणी सांगितलं? १५० मिलीच्या काचेच्या बाटल्या काठोकाठ भरा. एक बाटली, तेवढंच पाणी, एक रोल. वापरलेलं १+१ ओतून द्यायचं. इतक्या कमी द्रावणात कोडॅक १०% वेळ वाढवायला सांगतं, तेव्हा १२ मिनिटं धरा.

विदर्भातला_नळ
दोघंही २०° धरून भांडताय. मे महिन्यात इथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. बर्फाच्या बाटल्या टाकून बादली २४° वर आणता येते, तिथेच काम करा. त्या हिशेबात एचसी-११० हे सिरपचं डेव्हलपर बाद होतं. बी डायल्यूशनला (१ भाग सिरप, ३१ भाग पाणी) २०° लाच ५ मिनिटं, २४° ला साडेतीन. एवढ्या घाईत आभाळावर पट्टे उमटतात. दुप्पट पातळ करावं तर ३०० मिलीत ४.७ मिली सिरप येतं, रोलला किमान ६ धरतात.
तुमचे दोन्ही चालतील: २४° ला ११ ची साधारण पावणेआठ मिनिटं होतात, १२ ची साडेआठ. स्टॉप (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं) आणि शेवटचं धुण्याचं पाणीही त्याच बादलीतलं घ्या. फोमा कंपनीच्या फिल्मची इमल्शन (चित्र धरणारा थर) नरम असते, तिथे तर हे पाळाच.

घट्ट_झाकण
२४° मान्य. पण एवढाही खटाटोप नको असेल तर रॉडिनल १+१००, तासभर न हलवता. थोडं तापमान इकडेतिकडे झालं तरी चालतं. डी-७६ ने हे करून दाखवा!

करडा_पट्टा
३०० मिलीत १+१०० म्हणजे जेमतेम ३ मिली रॉडिनल. रोलला ५ च्या खाली जाऊ नये, म्हणजे ५०० मिलीची टाकी आली. आणि न हलवता ठेवलं की डेव्हलप होताना फिल्ममधून सुटणारं ब्रोमाइड खाली ओघळून फिल्मच्या भोकांपासून पट्टे निघतात. तिसाव्या मिनिटाला टाकी हळूच एकदा उलटी केली तर कमी होतात. जातातच असं नाही.