मदत हवी आहे: मुंद्रा ते रीगा, दुसरं जहाज एवढंसं का?

मंडळी, वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं व्हॉल्व्हचं छोटं युनिट आहे. स्वतःच्या नावावर पहिल्यांदाच निर्यात केली. एक वीसफुटी कंटेनर, दशरथच्या आयसीडीतून (बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून) रेल्वेनं मुंद्रा बंदर आणि तिथून लॅटव्हियातलं रीगा.

ट्रॅकिंगवर दोन जहाजं दिसतात. पहिलं ३६६ मीटर लांब, १३,००० टीईयूचं (म्हणजे तेवढे वीसफुटी डबे मावणारं), प्रकार ‘निओपनामॅक्स’. ते जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला माल उतरवणार. पुढचं जेमतेम १,४०० टीईयूचं, आणि त्याचं नाव आठवड्यात दोनदा बदललं! फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था बघणारा एजंट) म्हणतो, ‘बेन, चिंता ना करो.’ सूरसागर तलावापलीकडे होडी न पाहिलेल्या माणसानं चिंता करायची नाही तर काय?

पनामा तर उलट्या दिशेला ना? शिवाय फीडर म्हणजे आपल्याकडून मोठ्या जहाजापर्यंत नेणारं छोटं जहाज, असं ऐकलं होतं. इथे आधी मोठं कसं? आणि बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजात चढल्याच्या पावतीवर) पहिल्याच जहाजाचं नाव आहे, ते बदलून घ्यायचं का?

प्रतिसाद १
ताई, निओपनामॅक्स हे माप आहे, मार्ग नव्हे. पनामा कालव्याच्या जुन्या लॉकमधून (जहाज वर-खाली करणाऱ्या, दरवाजे असलेल्या हौदांतून) साधारण २९४ मीटर लांब, ३२ मीटर रुंद जहाज जायचं, ते पनामॅक्स. २०१६ मध्ये मोठे लॉक सुरू झाले, त्यात ३६६ मीटरचं मावतं. तुमचं जहाज पनामाचं तोंडही बघणार नाही.

फीडर दोन्ही टोकांना असतो. मुंद्र्याला पाणी खोल आहे, माल आहे, म्हणून मदर व्हेसल, म्हणजे मोठं जहाज, थेट येतं. रीगाला एवढं धूड नेण्याइतका मालच नसतो. म्हणून ब्रेमरहाफेनला डबे वाटले जातात आणि फीडर ते बाल्टिकमध्ये नेतात, बरेचसे जर्मनीतल्या कील कालव्यातून. त्यात २३५ मीटरपर्यंतचीच जहाजं शिरतात. छोटं म्हणजे जुनाट नव्हे हो, गल्लीत ट्रेलर नेत नाहीत, टेम्पोच नेतात.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. नाव बदलण्याचं म्हणाल तर, मदर व्हेसल उशिरा आलं की ठरलेला फीडर निघून जातो, मग पुढच्यात जागा देतात. २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हापासून हे फार वाढलं. बिलावर मुंद्र्याला माल चढला त्या जहाजाचं नाव हवं, ते आहे. वाटेत जहाज बदलायचा हक्क शिपिंग कंपनी बिलामागच्या बारीक अक्षरात राखून ठेवतेच. जहाजाचं नाव सोडा, डब्याचा नंबर धरा: चार अक्षरं, सात आकडे. आणि खरेदीदाराला नवी तारीख आजच कळवा, त्यानं विचारायच्या आधी.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. टेम्पो लगेच कळला! खरेदीदाराला त्याच दिवशी मेल टाकला होता.

आज डब्याचा नंबर टाकून पाहिला. ‘ब्रेमरहाफेन, डिस्चार्ज्ड’, म्हणजे उतरवला. फीडरचं नाव तिसऱ्यांदा बदललंय. या वेळी हातातला चहा पूर्ण प्यायले.